त्याच्या तोंडची वचनं

राखेच्या बुधवारी, म्हणजे आमच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, मिस्सा संपवून चर्चच्या फाटकाबाहेर आले आणि समोरचा बॅनर बघून माझा उपास तिथल्या तिथे मोडला. पोटाचा नव्हे. या दिवसांत रागवायचं नाही असं मी दरवर्षी ठरवते, तो.

बॅनरवर सिप्रियन होता. हात जोडलेले, मान जराशी कललेली, कपाळावर राखेचा कुरूस, म्हणजे क्रूस. म्हणजे मागच्या कुठल्यातरी वर्षी राख लावून घेतल्यावर, ती पुसली जायच्या आत, त्याने कोणाला तरी समोर उभं करून फोटो काढून घेतला असणार. वर पवित्र ग्रंथातलं एक वचन, मोठ्या अक्षरांत. खाली निवडणुकीतल्या विजयाबद्दल अभिनंदन आणि कार्यकर्त्यांचे गोल गोल चेहरे. आणि आत वेदीवरून आत्ताच शुभवर्तमान वाचलं गेलं होतं, की उपास कराल तेव्हा तोंड धुवा, केस विंचरा, शेजाऱ्याला कळूसुद्धा देऊ नका. हा पहिल्या बाकावर बसून ते ऐकत होता. मी मागून त्याच्या मानेकडे बघत होते. मान हलत होती, अगदी पटल्यासारखी.

"टीचर, बऱ्या आहात ना?" फाटकाशी येऊन त्याने विचारलं.

"आहे," म्हटलं आणि घराकडे वळले. आणखी एक शब्द बोलले असते तर कपाळावरच्या राखेची लाज वाटली असती.

वसईतल्या गास गावच्या आमच्या आळीत उपवासकाळ कॅलेंडरच्या आधी नाकाला कळतो. मोहराचा तुरट वास, कापलेल्या केळीच्या सोपटांचा वास, दुपारी तव्यावर भाजल्या जाणाऱ्या सुक्या बोंबलांचा वास. चर्चमध्ये पुतळ्यांवर जांभळी कापडं चढतात. लग्नं थांबतात, बँडवाले दुसऱ्या गावांना जातात, आणि एकदम केवढी शांतता पसरते. त्या शांततेत पूर्वी बावखलावरचा खंड्या ऐकू यायचा. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं तळं. पावसाचं पाणी साठवायचं, उन्हाळाभर केळी-पानवेली-सोनचाफ्याला पुरवायचं, आणि आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवायच्या, एवढं काम ते गाजावाजा न करता करतं. समुद्र इथून लांब नाही. जमिनीखालून तो सतत आत यायला बघतो. बावखलातलं गोडं पाणी त्याला थोपवून धरतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. सिप्रियनलाही माहीत होतं. त्याच पाण्यात तो पोहायला शिकला.

उपवासकाळ म्हटला की मला एकच आठवतो, काही वर्षांपूर्वीचा. पालिकेच्या निवडणुका येणार येणार म्हणत होते आणि येत नव्हत्या. इच्छुकांनी मात्र भिंती रंगवून ठेवल्या होत्या.

सिप्रियनला वाचायला मी शिकवलं. मी तेव्हा नुकतीच शाळेत मराठी शिकवायला लागले होते आणि रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचणाऱ्या मुलांची तयारी करून घ्यायचे. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, देव बोलतो तिथे ओरडायचं नाही. बाकीची मुलं बाराखडी म्हटल्यासारखी वाचत. हा वाचायला लागला की बायका जपमाळ थांबवून मान वर करत. संदेष्ट्यांचं वाचायचा तेव्हा अंगावर काटा यायचा. एकदा वाचता वाचता त्याचा कंठ दाटला, तो तसाच उभा राहिला, आणि अख्खं चर्च त्याच्यासाठी थांबलं. ते नाटक नव्हतं. ती गोष्ट मी आजही कोणाला नाटक म्हणू देणार नाही.

पुढे त्याची मुलगी तापाने फणफणली, हॉस्पिटलात ठेवली. तो बाहेरच्या बाकड्यावर बसून स्तोत्रं वाचायचा, मोठ्याने. नर्सने दोनदा येऊन सांगितलं, हळू. मुलगी वाचली. त्याने देवाला शब्द दिला होता म्हणे, की ही वाचली तर उरलेलं आयुष्य लोकांचं. त्याने तो पाळलाही. नगरसेवक झाल्यावर पहिल्यांदा त्याने गावाच्या कडेच्या पाड्यावर नळ आणला. त्या दिवशी तहानलेल्याला पाणी देण्याबद्दलचं वचन तो बोलला, आणि नळाखाली ओंजळ धरून पाड्यावरची एक म्हातारी प्यायली. मी रडले होते. माझ्या डोळ्यांदेखत वचन खरं झालं होतं, न रडून सांगते कोणाला?

म्हणून माझा राग सोपा नाही. ढोंगी माणसाचा राग करणं सोपं असतं. हा ढोंगी नव्हता. ग्रंथ त्याच्या आत उतरला होता, रक्तात होता. फक्त कधीतरी, कोणत्या वर्षी कोण जाणे, त्यातली माणसं त्याला सगळीकडे स्वतःसारखी दिसायला लागली. ज्याचा छळ झाला तो मी. ज्याला देवाने निवडलं तो मी. ज्याला गावाने ओळखलं नाही तो मी. ग्रंथात इतर पुष्कळ लोक आहेत, कठोर, लबाड, आंधळे, हात धुऊन मोकळे होणारे. तिथे मात्र त्याला नेहमी दुसरेच दिसायचे.

आमच्या शाळेतल्या सावंतबाई आचोळ्याला राहायच्या. मूळच्या कोकणातल्या, पक्क्या माळकरी घरच्या. त्या एकदा स्टाफरूममध्ये हसत म्हणाल्या, "लीना, तुमचा सिप्रियन आमच्या सोसायटीच्या हरिपाठाला आला होता. काय अभंग म्हणतो गं! आमच्या ह्यांना पाठ नाहीत तेवढे त्याला आहेत."

मलाही आधी अभिमानच वाटला. मग एकदा त्यांच्याबरोबर ऐकायला गेले. तोच थांबा, तीच खाली आणलेली पट्टी, तेच वर उचललेलं बोट. मी शिकवलेलं. संतांच्या शब्दांनंतर लगेच रस्त्याच्या कामाचं श्रेय, आणि मग लगेच विरोधकाला टोला. सगळं एका श्वासात, कुठे सांधा दिसत नव्हता. लोक टाळ्या वाजवत होते ते नेमकं कशाला, संताला की सिप्रियनला, हे त्यांना कळत नव्हतं. कळू नये अशीच ती रचना होती.

तर त्या उपवासकाळाच्या सुरुवातीला त्याने आळीत सभा घेतली. इनासकाकांच्या वाडीशेजारचं बावखल भरावाने बुजवून तिथे सभागृह बांधायचं. लग्नं होतील, प्रार्थनासभा होतील, तरुणांसाठी वर व्यायामशाळा. नावही ठरलं होतं, 'जीवनजल'. ग्रंथातल्या जिवंत पाण्याच्या वचनावरून. पाण्याचा गळा दाबून उभ्या केलेल्या इमारतीला पाण्याचं नाव! मला वाटलं कोणीतरी हसेल. कोणी हसलं नाही. आळीतल्या बहुतेक घरांतली मुलं आता मुंबईच्या ऑफिसांत, वाड्या पडीक. बावखल म्हणजे डास, असं ती म्हणायची.

त्या बावखलावर खऱ्या अर्थाने जगणारं घर एकच उरलं होतं, इनासकाकांचं. पानवेली, केळी, कुंपणाला सोनचाफा. उंच, वाकलेला माणूस, बोलायला कमी. बावखलाच्या जमिनीचा मोठा भागही त्यांच्याच घराण्याचा होता. ते सभेत उठून आमच्या बोलीत एवढंच म्हणाले, "पानी बुजवून टाकलं तर माझी विहीर खारी होईल. तुझी पन होईल."

सिप्रियन प्रेमाने हसला. मग त्याने गव्हाच्या दाण्याची गोष्ट सांगितली. दाणा मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर शंभर दाणे देतो. फार सुंदर सांगितली. आवाज खाली आणला. आणि शेवटी इनासकाकांकडे न बघता म्हणाला, "आपल्यातही काही जणांना मरण नको असतं. त्यांना दाणाच राहायचं असतं. आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू या." आणि खरोखर सगळे डोळे मिटून उभे राहिले. एका जिवंत माणसाला त्याच्या तोंडावर, त्याच्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर, पापी ठरवून त्याच्यासाठी प्रार्थना. आणि त्यावर तो काय बोलणार? प्रार्थनेला विरोध कसा करायचा? सभेत माणूस माणसाला उत्तर देऊ शकतो. इथे सिप्रियनने देवालाच मधे उभं केलं होतं.

मी उठून म्हणाले, "सिप्रियन, ते वचन बोलणाऱ्याने स्वतःला दाणा म्हटलं होतं. शेजाऱ्याला नव्हे."

"टीचर, तुमचं मराठी नेहमीच चांगलं," तो म्हणाला, आणि लोक हसले.

उपवासकाळात दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे क्रुसाची वाट निघते. येशूच्या शेवटच्या वाटेची चौदा स्थानं आळीतल्या चौदा घरांपुढे मांडलेली असतात. प्रत्येक अंगणात टेबल, त्यावर पांढरी चादर, कुरूस, मेणबत्ती, वाडीतली फुलं. मिरवणूक गात येते, थांबते, गुडघे टेकते, पुढे जाते. सहावं स्थान पिढ्यान् पिढ्या इनासकाकांच्या अंगणात. गर्दीतून एक बाई पुढे येते आणि येशूचा रक्ताळलेला चेहरा आपल्या कापडाने पुसते, ते स्थान. म्हणून रोझाकाकी, इनासकाकांची बायको, टेबलावर दरवर्षी एक धुतलेला पांढरा टॉवेल घडी करून ठेवायची.

सभेनंतरच्या शुक्रवारी पाचवं स्थान संपलं. गाणं सुरू झालं. मिरवणूक इनासकाकांच्या फाटकाशी आली, आणि थांबली नाही.

मला आधी कळलंच नाही. पुढचे लोक चालत राहिले, मागचे त्यांच्या मागे. नंतर कळलं, संयोजकांनी सहावं स्थान यंदा पुढच्या घरी हलवलं होतं. संयोजक सिप्रियनची माणसं. इनासकाका अंगणात नव्या धुतलेल्या शर्टात उभे होते. रोझाकाकी टेबलाशी. मेणबत्ती पेटवलेली, सोनचाफ्याचा ढीग, टॉवेल. माणसं गात गात त्यांच्यासमोरून जात होती. ज्यांच्या बारशाला ते जेवले, ज्यांच्या मयतांना खांदा दिला, ती माणसं. कोणी मान वळवून बघितलं नाही. गाण्याचे शब्द दुःखी येशूबद्दलचे होते आणि सूर अगदी बरोबर लागला होता.

सिप्रियन पुढे होता, खांद्यावर लाकडी कुरूस घेऊन. त्या दिवशी तो वाहायचा मान त्याचा होता.

मी रांगेतून बाहेर पडले आणि फाटक ढकलून आत गेले. टेबलासमोर गुडघे टेकले. माझ्या मागून दोन-तीन बायका आल्या, मग मागच्या आळीतला एक रिक्षावाला. बस. एवढेच. इनासकाकांनी सहाव्या स्थानाची प्रार्थना एकट्याने म्हटली. त्यांना धड वाचता यायचं नाही, पाठ होती. मधेच एक ओळ विसरले तेव्हा रोझाकाकीने पुरवली. रस्त्यावरून पुढच्या घरचं सहावं स्थान ऐकू येत होतं, माईकवरून, सिप्रियनच्या आवाजात. त्या भल्या बाईच्या धैर्याचं वर्णन चाललं होतं, की अख्खी गर्दी विरोधात असताना ती कशी एकटी पुढे आली.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. तो एकटाच होता, टेबलावर ग्रंथ उघडा. "बसा टीचर."

"बसायला नाही आले. इनासकाकांचं स्थान तू का काढलंस?"

"मी नाही काढलं. पोरांनी काढलं. मला नंतर कळलं."

"कळल्यावर काय केलंस?"

त्याने ग्रंथ जवळ ओढला. मग म्हणाला, "टीचर, खरं सांगू? मी या कामासाठी प्रार्थना केली. डोळे मिटून ग्रंथ उघडला, बोट ठेवलं. बोटाखाली काय आलं माहितीये? घर बांधणाऱ्याचं वचन. खडकावर घर बांधणाऱ्याचं. मी काय समजायचं?"

"ते घर खडकावर आहे, सिप्रियन. तू तळ्यात बांधतोयस."

तो हसला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही मला लहानपणापासून ओळखता. मी देवाला विचारल्याशिवाय काही करत नाही."

"देवाला विचार. पण इनासकाकांनाही विचार. ते जवळ राहतात."

घरी येताना वाटलं, हा खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. लाच खाणारा माणूस पकडता येतो, निदान तो दचकतो तरी. हा दचकत नाही. देवानेच होकार दिलाय म्हटल्यावर शेजाऱ्याच्या नकाराची किंमत काय? फादरांना भेटले. ते नवीन होते, तरुण. म्हणाले, "टीचर, मी राजकारणात पडू शकत नाही." मी म्हटलं, "फादर, राजकारण तुमच्या वेदीपर्यंत आलंय, तुम्ही पडा न पडा." ते रविवारच्या घोषणांचा कागद नीट करू लागले. मला त्यांची दया आली आणि त्या दयेचाही राग आला.

झावळ्यांच्या रविवारी सकाळी आम्ही सगळे चर्चमध्ये होतो. हातात झावळ्या घेऊन, येशू यरुशलेमात येतो त्याचा जयजयकार करत. मिस्सा संपवून आळीच्या वळणावर आलो तर डंपर उभे, आणि बावखलाचा पलीकडचा भाग भरून झालेला. कामणकडे गोदामांची कामं चालतात, तिथला राडारोडा भरून आणलेला. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, तुटक्या फरशा. एक डंपर पाठीमागे सरकत बावखलाच्या काठाशी गेला, टब वर झाला आणि आवाज झाला. पाणी उडालं नाही, नुसतं गढूळ होऊन बाजूला सरलं. पाणकोंबडी ओरडत काठावर चढली. आळीतली माणसं चर्चमध्ये असतील ती वेळ बघून काम काढलं होतं. देवाच्या वेळेत.

इनासकाका झावळी हातात घेऊनच पुढे गेले. रविवारची पँट, पॉलिश केलेले बूट. पायऱ्या उतरले आणि पाण्यात जाऊन उभे राहिले, कमरेइतक्या पाण्यात, दुसऱ्या डंपरच्या अगदी मागे. रोझाकाकी किंचाळली. मग तीही उतरली, साडी तशीच. मग मी. उरलेल्या बायकांतल्या काही उतरल्या, काही काठावर उभ्या राहून रडू लागल्या. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. बिचारा हिंदीत म्हणाला, "मेरे को क्या मालूम, माँजी."

सिप्रियन आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात त्याचीही झावळी. काठावर उभा राहून त्याने आवाज खाली आणला, मला ओळखीचा होता तसा, आणि सुरू केलं. बंधूंमधल्या एकोप्याबद्दलचं वचन.

"शास्त्र नको," इनासकाका पाण्यातून म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "शास्त्र मी पन ऐकतो दर रविवारी. तू तुझं बोल. माझं पानी तुला का पायजे?"

सिप्रियनने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. मी त्याला वर्षानुवर्षं वाचताना ऐकलंय, आचोळ्यात ऐकलंय, निवडणुकीत ऐकलंय. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला वचनाशिवाय उभं पाहिलं. शेवटी तो म्हणाला, "लोकांना हॉल पाहिजे, काका." अगदी बारीक आवाजात. एवढंच होतं त्याच्याकडे. एवढंच, आणि त्यावर चढवलेला हा सगळा देव.

आम्ही पाण्यातून हललो नाही. तक्रार झाली, सरकारी माणसं आली, पंचनामा झाला, काम थांबलं. पण तोवर बावखलाचा पलीकडचा अर्धा भाग गेला होता, आणि गेला तो गेलाच. भराव टाकायला एक सकाळ पुरते, काढायला कोणी येत नाही. पुढच्या उन्हाळ्यात इनासकाकांच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात खारट. पानवेली पिवळ्या पडल्या. ते सकाळी उठून वेलींमधून नुसते फिरत, एखादं पान खुडून बघत, टाकून देत. हॉल झाला नाही. भरावावर आता गाड्या उभ्या राहतात.

गेल्या पावसाळ्यात इनासकाका गेले. झोपेत, त्रास न होता. अंत्यविधीला चर्च भरलं होतं. ज्यांनी त्या शुक्रवारी मान वळवली नव्हती तेही आले होते, आणि खरंच हळहळत होते. माणसं अशीच असतात, मी त्यांना फार दोष देत नाही. शास्त्रपाठाची वेळ आली तेव्हा सिप्रियन सवयीने उठला. गावात मोठं मयत असलं की पहिलं वाचन त्याचंच, हे इतकं ठरून गेलं होतं की त्याला कोणी सांगायचीही गरज नव्हती.

रोझाकाकी पहिल्या बाकावरून वळली. "सिप्रियन, तू बस. लीना वाचेल."

तो बसला.

काय वाचायचं ते काकीने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. अंत्यविधीला ते कोणी वाचत नाही. फादर म्हणालेही, हे दुःखाच्या प्रसंगाचं नाही. काकी म्हणाली, "त्यांना ही गोष्ट फार लागायची. वाच." मग मी वाचली. एका राजाच्या वाड्याशेजारी एका साध्या माणसाचा द्राक्षमळा असतो. राजाला तो भाजीच्या बागेसाठी हवा असतो. माणूस म्हणतो, वाडवडिलांची जमीन आहे, देणार नाही. मग राजाच्या नावाने गावात उपास जाहीर करतात, लोकांना गोळा करतात, आणि ह्याने देवाची निंदा केली असं खोट्या साक्षीदारांकडून वदवतात. त्या माणसाला दगडांनी मारतात. राजा मळ्याचा ताबा घ्यायला जातो, तर समोर संदेष्टा उभा. विचारतो, खून केलास आणि वर ताबाही घेतलास?

वाचताना मी सिप्रियनकडे बघितलं नाही. पण चर्च इतकं गप्प होतं की पत्र्यावरचा पाऊस वेगळा ऐकू येत होता. मला वाटलं, आता तरी.

दफनविधीनंतर छत्र्यांच्या गर्दीतून तो माझ्यापाशी आला. डोळे लाल होते, तो रडला होता. माझा हात धरून म्हणाला, "काय वाचलंत टीचर! अंगावर शहारा आला. हे राजे असेच असतात बघा. आम्हा सेवकांना त्यांच्याशीच तर लढायचंय." मी त्याच्या चेहऱ्यात शोधत राहिले, कुठे उपरोध आहे का, कुठे लपवाछपवी. काही नव्हतं. चेहरा स्वच्छ होता.

थंडीत निवडणूक लागली. त्याची नाक्यावरची सभा मी बाजारातून येताना रस्त्याच्या कडेला उभी राहून ऐकली. तो राजाची गोष्ट सांगत होता. राजा म्हणजे समोरचा उमेदवार. द्राक्षमळा म्हणजे आपला वसई-विरार. जिथे मी थांबले होते तिथेच तो थांबत होता. दगड मारण्याच्या जागी बाया पदर तोंडाला लावत होत्या.

माझ्या हातातली भाजीची पिशवी खाली पडली की मी टाकली, मला आठवत नाही. मी ओरडले, "सिप्रियन, तो मळा इनासचा होता! शेवट सांग! संदेष्टा राजाला काय म्हणतो ते सांग! आणि राजा मग अंगावरचे कपडे फाडून उपास करतो, ते सांग!"

माना वळल्या. क्षणभर, अगदी क्षणभर, त्याच्या तोंडावरून काहीतरी गेलं. मग त्याने बोट वर केलं. "मित्रांनो, ह्या माझ्या टीचर. ह्यांनीच मला वाचायला शिकवलं. आज मी जो काही आहे तो ह्यांच्यामुळे." आणि टाळ्या. माझ्यासाठी टाळ्या! दोन कार्यकर्ते धावत आले, एकाने पिशवी उचलून दिली, दुसऱ्याने स्टेजवर न्यायला हात धरला. वर शाल तयार होती. मी हात सोडवून घेतला, पण माझा आवाज त्या टाळ्यांखाली गेला तो गेला. मी आणखी काय काय म्हणाले ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

तो निवडून आला. निकालाच्या दुपारी ढोल-ताशे आळीतून चर्चपर्यंत आले आणि फाटकाशी आदराने थांबले. सिप्रियन एकटा आत आला. केसांत गुलाल. सरळ वेदीपुढे जाऊन गुडघे टेकले, खांदे गदगदत होते. दारातून बघणाऱ्या बाया एकमेकींना म्हणाल्या, "कितीही मोठा झाला तरी देवाला विसरला नाही."

मी आधीपासून तिथे होते, मागच्या बाकावर. मीही गुडघे टेकले होते. पुढे तो, मागे मी, मधे रिकाम्या बाकांच्या रांगा. राग गिळून प्रार्थना करायची असं लहानपणी शिकवलं होतं, मुलांना मीही तेच शिकवलं. त्या दुपारी मी गिळला नाही. तसाच, जळता, पुढे केला.

म्हटलं, देवा, त्याला खुर्ची राहू दे. गाडी राहू दे, गुलाल राहू दे, लोकांचं प्रेमही राहू दे. त्याला सुखात ठेव. फक्त तुझा शब्द तेवढा त्याच्या तोंडातून परत घे.